'पाळी', 'पिशवी' आणि 'निवृत्ती' : संप्रेरकोपचाराच्या निर्णयाची मराठी

रजोनिवृत्तीच्या काळात संप्रेरके घ्यावीत की न घ्यावीत, हा प्रश्न वरवर पाहता केवळ वैद्यकाचा आहे; भाषेच्या अभ्यासकाने त्यात शिरणे काहींना अनधिकार वाटण्याचा संभव आहे. परंतु कोणताही निर्णय शेवटी वाक्यांतूनच घडतो. डॉक्टरने काय सांगितले, समोर बसलेल्या स्त्रीने काय ऐकले, घरी जाऊन तिने ते जावेला, बहिणीला किंवा नवऱ्याला कोणत्या शब्दांत सांगितले, आणि त्या शब्दांना घरात कोणते उत्तर मिळाले, या साखळीतूनच औषध सुरू होते किंवा चिठ्ठी कपाटात पडून राहते. या साखळीतील मराठीचे परीक्षण करणे एवढाच येथे हेतू आहे. मराठीला या विषयासाठी शब्द नाहीत, ही नेहमीची तक्रार खरी नाही. शब्द पुष्कळ आहेत. अडचण निराळीच आहे. जे शब्द हाताशी आहेत त्यांपैकी जवळजवळ प्रत्येकाने प्रश्न विचारला जाण्यापूर्वीच उत्तर देऊन टाकलेले असते.

या परीक्षणास कोल्हापूर हे स्थळ अगदीच आगंतुक नाही. १८८६ साली आनंदीबाई जोशी अमेरिकेत वैद्यकाची पदवी घेऊन उत्तीर्ण झाल्या, तेव्हा त्यांची नेमणूक झाली ती कोल्हापूर संस्थानच्या अल्बर्ट एडवर्ड रुग्णालयातील स्त्री-विभागावर. तेच आजचे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय होय. पदवीसाठी त्यांनी लिहिलेला प्रबंध प्राचीन हिंदू प्रसूतिशास्त्रावर होता आणि तो अर्थातच इंग्रजीत होता. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचे निधन झाले. कोल्हापूरच्या जागेवर त्या रुजू होऊ शकल्या नाहीत. त्या रुजू झाल्या असत्या, तर इंग्रजीत शिकलेले शरीरशास्त्र करवीरच्या बायकांना मराठीत सांगण्याचा पहिला प्रसंग त्यांच्यावर आला असता. पुढे कृष्णाबाई केळवकरांसारख्या स्त्री-डॉक्टरांनी कोल्हापुरात ते काम प्रत्यक्ष केले. त्यांनी रुग्णस्त्रियांशी बोलताना कोणते शब्द वापरले असतील, हे कळण्यास आज साधन उरलेले नाही. वैद्यकाच्या इतिहासात औषधांची नोंद राहते, संभाषणाची राहत नाही.

प्रथम पारिभाषिक शब्द घ्यावा. 'रजोनिवृत्ती' हा सामासिक शब्द रचनेच्या दृष्टीने निर्दोष आहे. रजाची निवृत्ती ती रजोनिवृत्ती. या अवस्थेची जाणही आपल्याकडे जुनी आहे. सुश्रुताने रजाचा काळ बाराव्या वर्षापासून पन्नासाव्या वर्षापर्यंतचा सांगितला असून त्याचा क्षय जरेने होतो असे म्हटले आहे. पाश्चात्त्य भाषांत 'मेनोपॉज' हा शब्द त्यामानाने अगदी अर्वाचीन आहे. द गार्दान या फ्रेंच वैद्याने १८२१ साली तो रूढ केला. त्याची घटना 'महिना' आणि 'थांबणे' या दोन ग्रीक शब्दांवरून झालेली असल्यामुळे तो कोरडा आहे; त्यात स्तुतीही नाही आणि निंदाही नाही.

'निवृत्ती'चे तसे नाही. मराठी मनात हा शब्द एकटा येत नाही. तो 'प्रवृत्ती'शी जोडी करून येतो. निवृत्तिमार्ग हा श्रेष्ठ मार्ग मानला गेला आहे, वारकरी परंपरेच्या आदिगुरूंपैकी एकाचे नावच निवृत्ती आहे, आणि व्यवहारात सेवानिवृत्त मनुष्याने पुन्हा नोकरी धरली तर त्याकडे थोडे साशंकतेने पाहिले जाते. त्यातून 'रज' हा शब्द आर्तवाबरोबरच रजोगुणाचीही आठवण देतो. अशा रीतीने एका शरीरव्यापाराच्या नावात नकळत एक आचारधर्म शिरला आहे. जे निवृत्त व्हावे तेच पुन्हा औषधाने प्रवृत्त करणे, हे मग अनुचित, किंबहुना किंचित लाजिरवाणे वाटू लागते. शहरातील सुशिक्षित स्त्रीदेखील 'या वयात कशाला आता ते' असे म्हणते. या वाक्यातील 'आता' या अव्ययात वैद्यकाचा अंशही नाही. तेथे सारे काही 'निवृत्ती'चेच बोलत असते. शब्द टाकून द्यावा असे कोणी म्हणणार नाही. परंतु तो तटस्थ आहे, असे मानून पुस्तिका लिहिल्या जातात, तो भ्रम होय.

बोलीत मात्र 'रजोनिवृत्ती' कोणी म्हणत नाही. तेथे 'पाळी जाते' किंवा 'पाळी बंद होते'. 'पाळी' हा मराठीतील एक सुंदर शब्द आहे. उसाला पाण्याची पाळी असते, कारखान्यात दिवसपाळी व रात्रपाळी असते, सार्वजनिक नळावर घागर भरण्याची पाळी असते. नेमाने परत येणारा आपला वाटा, असा त्याचा मूळ भाव. 'विटाळ', 'बाहेर बसणे', 'कावळा शिवणे', 'अडचण' या जुन्या शब्दांच्या मानाने तो निर्मळ आहे, आणि गेल्या शतकात तो सर्व थरांत रुळला ही समाधानाची गोष्ट आहे. परंतु त्याचे सामर्थ्य तेच येथे त्याचे वैगुण्य ठरते. 'पाळी' हा दिनदर्शिकेचा शब्द आहे. तो येण्याजाण्याची नोंद ठेवतो. शरीराच्या आत काय चालले आहे याविषयी तो काहीच सांगत नाही.

याचा परिणाम प्रत्यक्ष निर्णयावर होतो. वैद्यकाच्या व्याख्येप्रमाणे सलग बारा महिने पाळी आली नाही म्हणजे रजोनिवृत्ती झाली असे धरतात. म्हणजे ती मागे वळून पाहिल्यावरच कळते. त्यापूर्वी कित्येक वर्षे संप्रेरकांची चढउतार चाललेली असते, आणि रात्री घामाने जाग येणे, झोप उडणे, मन उगाच चिडचिडे होणे, सांधे दुखणे ही लक्षणे बहुधा त्याच काळात आरंभ पावतात. मराठीत 'बंद होणे' ही क्रिया मात्र क्षणिक आहे. दिवा बंद होतो, दार बंद होते. 'बंद होत चालणे' असे म्हणता येते खरे, परंतु त्या अवस्थेला नाव नाही. त्यामुळे सेहेचाळीस-सत्तेचाळीस वर्षांच्या स्त्रीला हा विषय कोणी सुचविला, तर ती उत्तर देते की अजून पाळी चालू आहे, म्हणजे ते नव्हे. ज्या काळात उपचाराचा विचार सर्वांत फलदायी व्हायचा, तो काळ या उत्तरात निघून जातो. आजच्या वैद्यकीय मताप्रमाणे वयाची साठी उलटण्यापूर्वी, किंवा पाळी गेल्यापासून दहा वर्षांच्या आत सुरू केलेल्या उपचाराचा लाभ, विशिष्ट रोगांचा पूर्वेतिहास नसल्यास, सामान्यतः हानीहून अधिक असतो. भाषेला ज्या अवस्थेचे नाव ठाऊक नाही, नेमक्या तिच्यातच वैद्यकाचे दार उघडे असते.

'पाळी जाणे' या प्रयोगाला दुसरीही एक बाजू आहे. जेथे विटाळाचे नियम पाळले गेले त्या घरांत पाळीचे जाणे ही सुटका असते. 'सुटले', 'मोकळी झाले' अशी क्रियापदे त्या वयाच्या बायकांच्या तोंडी येतात. देवघर, कुळधर्म, नवरात्रातील घट, अंबाबाईचे दर्शन, कशालाच आता दिवस मोजावे लागत नाहीत. अशा स्त्रीने डॉक्टरला विचारलेला पहिला प्रश्न कर्करोगाविषयी नसतो. पाळी परत येईल काय, हा असतो. प्रश्न अत्यंत योग्य आहे. संप्रेरके आलटूनपालटून देण्याची जी पद्धत आहे तीत दरमहा रक्तस्राव होतो; दोन्ही संप्रेरके रोज एकत्र देण्याच्या पद्धतीत पहिल्या काही महिन्यांनंतर तो सहसा होत नाही. म्हणजे या प्रश्नाला सरळ उत्तर आहे आणि ते निवडीचे उत्तर आहे. परंतु आरोग्यविषयक मराठी लेखांत हा प्रश्न क्वचितच विचारलेला दिसतो, कारण ते लेख बहुधा इंग्रजी लेखांवरून उतरलेले असतात आणि मूळ लेखिकेला कुळधर्म नसतो.

लक्षणांच्या वर्णनात मराठी समृद्ध आहे. अंगातून वाफा निघतात, अंगाची लाही होते, तळपाय पेटतात, डोक्यातून झळा येतात. एका 'हॉट फ्लश'च्या बदली एवढी शब्दसंपत्ती असताना पुस्तिकांत 'उष्ण लहरी' असा हवामानखात्यातला शब्द का यावा, हे एक कोडेच आहे. परंतु या समृद्धीच्या मागेही एक जुनी शरीरकल्पना उभी आहे. बायका या साऱ्याला एकच कारण देतात : उष्णता. उष्णता म्हटली की तिच्यावरचे उपाय ठरलेले. सब्जा, गुलकंद, धन्या-जिऱ्याचे पाणी, कोकम. ते निरुपद्रवी आहेत आणि उन्हाळ्यात उत्तमही आहेत. पण त्याच कल्पनासृष्टीत डॉक्टरी औषध हे स्वभावतःच 'गरम' मानलेले असते. तेव्हा जिच्या अंगाची आग होते आहे तिला आणखी गरम औषध द्यावयाचे, ही गोष्ट ऐकणारीला विसंगत वाटते. हे अज्ञान नव्हे. त्या कल्पनेच्या मर्यादेत हे अनुमान पूर्णपणे तर्कशुद्ध आहे. मेंदूतील तापमानाचे नियंत्रण बिघडल्याने शरीर थोड्या उबेलाही मोठ्या उकाड्यासारखे उत्तर देते, एवढी एक गोष्ट साध्या मराठीत सांगितली गेली तर 'उष्णता' हा शब्द न सोडताही विसंगती दूर होऊ शकते. ती सांगण्याऐवजी 'संप्रेरकांचे असंतुलन' असे म्हणून वक्ता मोकळा होतो.

'संप्रेरक' या शब्दाविषयी मतभेद आहेत. इंग्रजी 'हॉर्मोन' हा शब्द अर्नेस्ट स्टार्लिंग या शरीरशास्त्रज्ञाने १९०५ साली चेतविणे, गती देणे या अर्थाच्या ग्रीक धातूवरून योजला. 'सम्' आणि 'प्रेरक' यांच्या योगाने बनलेला मराठी प्रतिशब्द त्याच अर्थाला धरून आहे. मराठी विश्वकोशाने मूळ शब्द तसाच घेऊन त्याला 'हॉर्मोने' असे मराठी अनेकवचन दिले. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात अध्यापन केलेल्या माधव जूलियनांनी १९३८ साली 'भाषाशुद्धिविवेक' लिहिला, त्या पक्षाच्या अनुयायांना 'संप्रेरक' रुचेल. व्यवहारपक्षाला 'हार्मोन' पुरेसा वाटेल. या वादात येथे शिरण्याचे कारण नाही. दोन्ही शब्द समजतात, आणि दोन्हींनी कोणाचे अडत नाही.

अडते ते 'रिप्लेसमेंट'पाशी. या शब्दाच्या पोटात एक अख्खा सिद्धान्त आहे. काहीतरी हरवले आहे, ते जागेवर परत ठेवायचे आहे, असे तो म्हणतो. रॉबर्ट विल्सन या अमेरिकन वैद्याने १९६६ साली 'फेमिनिन फॉरएव्हर' हे पुस्तक लिहून रजोनिवृत्ती हा एक न्यूनताजन्य रोग आहे आणि गोळीने स्त्रीत्व कायम राखता येते, असे मत लोकप्रिय केले. पुस्तकाचे नाव हीच त्याची जाहिरात होती. त्या काळी दिली जाणारी प्रमुख गोळी १९४२ पासून अमेरिकेत विकली जात होती. गाभण घोड्यांच्या मूत्रातून इस्ट्रोजेन काढून ती बनविली जाई आणि तिचे 'प्रेमारिन' हे नाव त्याच इंग्रजी शब्दांचे तुकडे जोडून केलेले होते. नावाने जे उघड सांगितले तेच नावाने झाकलेही गेले, याचे याहून चांगले उदाहरण शोधूनही सापडणे कठीण. १९७५ मध्ये एकट्या इस्ट्रोजेनच्या सेवनाने गर्भाशयाच्या अस्तराचा कर्करोग वाढतो असे दिसून आले. तेव्हापासून गर्भाशय असलेल्या स्त्रीला इस्ट्रोजेनबरोबर प्रोजेस्टोजेनही देण्याचा प्रघात पडला. 'रिप्लेसमेंट' हा शब्द आता तज्ज्ञांनीच बाजूला सारला असून 'मेनोपॉझल हॉर्मोन थेरपी' असे नाव स्वीकारले आहे. मराठीत मात्र 'पुनःस्थापन', 'प्रतिस्थापन', 'बदली', 'पूरक' अशी रूपे अजून फिरत आहेत. 'पुनःस्थापन' तारुण्य परत देण्याचे आश्वासन देते, 'पूरक' औषधाला पूरक आहाराच्या पंक्तीत बसविते, आणि 'बदली'ने तर एखाद्या शिक्षिकेची आठवण होते. 'रजोनिवृत्तीतील संप्रेरकोपचार' हा शब्द लांब आहे, पण तो खोटे काही सांगत नाही.

आता भीतीच्या शब्दाकडे वळावे. जुलै २००२ मध्ये अमेरिकेतील 'विमेन्स हेल्थ इनिशिएटिव्ह' या मोठ्या प्रयोगाचा एक भाग मध्येच थांबविण्यात आला, आणि तेव्हापासून जगभर या उपचाराचे नाव कर्करोगाशी जोडले गेले. त्या भागात गर्भाशय शाबूत असलेल्या १६,६०८ स्त्रिया होत्या. त्यांची वये ५० ते ७९ आणि सरासरी वय ६३ होते. स्तनाच्या कर्करोगात २६ टक्के वाढ झाली, हे वाक्य वर्तमानपत्रांतून सर्वत्र गेले. ते वाक्य खोटे नव्हते. परंतु त्याच प्रयोगाचा तोच आकडा दुसऱ्या रीतीने असा मांडता येतो : दर दहा हजार स्त्रियांमागे वर्षाला ३० जणींना तो रोग झाला असता, तेथे ३८ जणींना झाला. हजारात सांगायचे तर तिघींच्या ठिकाणी चौघी, त्याही पुऱ्या नव्हेत. त्याच दहा हजारांत पक्षाघात २१ वरून २९ वर गेला, आणि खुब्याच्या हाडाचा भंग १५ वरून १० वर आला. शेवटचा आकडा मथळ्यात क्वचितच आला.

'टक्के वाढ' या प्रयोगाचा दोष असा की तो कशाच्या किती टक्के, हे गृहीत धरावयास लावतो, आणि श्रोत्याचे गृहीत शंभराचे असते. २६ टक्के ऐकल्यावर शंभर बायकांतील सव्वीस बायका डोळ्यांपुढे उभ्या राहतात. मराठी व्यवहारात 'दर हजारी' हिशेब जुना आहे. जन्ममृत्यूची गणती आजही तशीच सांगतात. आरोग्यलेखकांनी ती सोय सोडून वृत्तसंस्थेचे इंग्रजी वाक्य उचलले.

याहून सूक्ष्म, आणि बहुधा अधिक परिणामकारक, फरक 'धोका' आणि 'जोखीम' या शब्दांतला आहे. 'रिस्क'साठी मराठी आरोग्यलेखनात जवळजवळ सर्वत्र 'धोका' येतो. धोका हा विजेच्या खांबावर कवटीसह लिहिलेला शब्द आहे. धोक्यापासून दूर राहावयाचे असते. त्याचे प्रमाण विचारले जात नाही. 'जोखीम' या शब्दाचा संसार निराळा. जुन्या मराठीत जोखीम म्हणजे जबाबदारीने सांभाळण्याचा मौल्यवान ऐवजही. पैसा, दागिने, दुसऱ्याने विश्वासाने सोपविलेली वस्तू. जोखीम पत्करली जाते, अंगावर घेतली जाते, कमीजास्त असते, मोजली जाते. व्यापारी, सावकार आणि शेतकरी या सर्वांना तो शब्द रोजचा आहे. 'या गोळीने कर्करोगाचा धोका आहे' आणि 'या गोळीत इतकी जोखीम आहे' ही दोन वाक्ये एकाच वैद्यकीय तथ्याची असली, तरी पहिल्या वाक्याने निर्णय संपतो आणि दुसऱ्याने तो सुरू होतो. जिला स्तनाचा कर्करोग होऊन गेला आहे, जिच्या शिरांत पूर्वी रक्ताची गुठळी झाली आहे, जिला पक्षाघात किंवा हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे, यकृताचा आजार चालू आहे किंवा कारण न कळलेला रक्तस्राव होतो आहे, तिला 'धोका' हाच शब्द योग्य. इतरांना जोखमीचा हिशेब सांगणे हे डॉक्टरचे काम आहे; गोळीऐवजी त्वचेवर लावण्याची पट्टी वा मलम वापरल्यास गुठळीची जोखीम कमी राहते, हा त्या हिशेबाचाच भाग होय. नोव्हेंबर २०२५ मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने या औषधांवरील चौकटीतले बहुतेक कडक इशारे काढून टाकण्याचे जाहीर केले. तेवीस वर्षांचा 'धोका' असा अधिकृतपणे सौम्य झाला. आता दुसऱ्या टोकाचे मथळे येऊ नयेत म्हणजे मिळविली.

'गोळ्या' या शब्दाबद्दल एवढेच म्हणता येईल की त्याने सर्व भेद पुसून टाकले आहेत. लग्नकार्यासाठी किंवा नवरात्रासाठी पाळी पुढे ढकलण्याच्या गोळ्या, पाळणा लांबविण्याच्या गोळ्या आणि पन्नाशीतील उपचाराच्या गोळ्या या तिन्हींत संप्रेरकेच असतात, जरी प्रकार व मात्रा वेगवेगळ्या असल्या तरी. जी स्त्री पहिली गोळी औषधाच्या दुकानातून, कोणाला न विचारता, देवासाठी घेते, तीच तिसरी गोळी 'हार्मोनची' म्हणून नाकारते. देवकार्याच्या गोळीला कोणी हार्मोन म्हटलेलेच नसते.

येथपर्यंतचे विवेचन ज्या स्त्रीला निवड करण्याची सवड आहे तिच्यापुरते होते. 'पिशवी' या शब्दापाशी प्रश्न गंभीर होतो. गर्भाशयाला बोलीत पिशवी म्हणतात, आणि ते काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियेला 'पिशवी काढणे'. दरवर्षी दिवाळीच्या सुमारास बीड जिल्ह्यातून ऊसतोडणीच्या टोळ्या कोल्हापूर-सांगलीच्या फडांवर येतात. नवरा-बायको मिळून एक 'कोयता' मोजला जातो, उचल आधी घेतलेली असते, आणि कामावर न गेलेल्या दिवसाचा 'खाडा' मुकादम कापून घेतो. या हिशेबात पाळी म्हणजे खाडा. या स्त्रियांत पिशवी काढण्याचे प्रमाण फार आहे अशी ओरड झाल्यावर राज्यशासनाने २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली. त्यांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. म्हणजे शंभरात जवळजवळ सतरा.

या आकड्याचा सामाजिक अर्थ अनेकांनी सांगितला आहे आणि तो खरा आहे. भाषेच्या बाजूने जे सांगावयाचे ते असे. 'पिशवी काढली' हे वाक्य वैद्यकीय दृष्ट्या अपुरे आहे, आणि जे त्यात नाही तेच संप्रेरकोपचाराच्या निर्णयाला हवे असते. गर्भाशय काढताना दोन्ही बाजूंचे बीजकोश ठेवले की तेही काढले? ठेवले असतील, तर पाळी थांबली तरी संप्रेरके स्रवत राहतात. त्या स्त्रीची रजोनिवृत्ती अजून व्हायची आहे. काढले असतील, तर पस्तिशीतल्या स्त्रीच्या शरीरातून इस्ट्रोजेन एकदम नाहीसे होते. लक्षणे तीव्र येतात, हाडे लवकर ठिसूळ होतात, हृदयाच्या दुखण्याची शक्यता वाढते. अशा स्त्रीला, अन्य अडथळा नसल्यास, निदान नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत संप्रेरके द्यावीत असाच आजच्या वैद्यकाचा सल्ला आहे. येथे प्रश्न हौसेचा किंवा तारुण्याचा नाही. शिवाय गर्भाशय नसल्याने तिला सामान्यतः एकटे इस्ट्रोजेन पुरते, आणि अमेरिकेतील त्याच प्रयोगाच्या ज्या दुसऱ्या भागात १०,७३९ स्त्रियांना एकटे इस्ट्रोजेन किंवा बिनऔषधी गोळी दिली होती, तो २००४ मध्ये पक्षाघाताच्या वाढीमुळे थांबविला गेला तरी त्यात स्तनाच्या कर्करोगाची वाढ आढळली नाही. म्हणजे २६ टक्क्यांचे ते वाक्य या स्त्रीविषयी नव्हतेच. पण दोन्ही परिस्थितींत ती सांगते एकच : पिशवी काढली, पाळी गेली.

दोन शब्दांनी मिळून तिचा निर्णय नाहीसा केला आहे. 'पाळी'ने अवस्थांतला भेद झाकला आणि 'पिशवी'ने इंद्रियांतला. चाळिशीपूर्वी कंबर धरणे, रात्रभर घाम येणे, कोयता न उचलणे या तक्रारी घेऊन ती पुन्हा कोठल्याशा दवाखान्यात गेली, तर तेथे तिला अशक्तपणाच्या गोळ्या मिळतात. कारण तिच्या हकीकतीत बीजकोशाचे नावच येत नाही, आणि विचारणाऱ्याने ते नाव घेतले तरी ते तिच्या ओळखीचे नसते.

ते ओळखीचे का नसावे? बोलीत गर्भाशयाला पिशवी आहे, गर्भाला पोर आहे, नाळेला नाळ आणि वारेला वार आहे. न्हाण येण्याला सोहळा आहे आणि गरोदरपणाला डोहाळे आहेत. फक्त स्त्रीच्या बीजाला घरचा शब्द नाही. याचे मूळ फार मागे जाते. स्मृतिकारांनी पुरुषाला बीज आणि स्त्रीला क्षेत्र मानले. बीज बाहेरून येते, क्षेत्राने ते धारण करावयाचे. शेतकऱ्याच्या भाषेने हीच उपमा उचलली. जिला स्वतःचे बीजच नाही तिच्या बीजाच्या कोशाला नाव कशाला लागेल? उरते ते साठवण्याचे भांडे, पिशवी. आणि पिशवीचे काम संपले म्हणजे ती टाकून देता येते. 'दोन पोरं झाली, आता पिशवीचं काय काम' हे वाक्य क्रूर नाही, ते केवळ त्या उपमेचे शेवटचे टोक आहे. र. धों. कर्व्यांनी १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' चालवून शरीराविषयी स्वच्छ मराठीत लिहिता येते हे दाखविले आणि त्याबद्दल खटलेही सोसले. पण त्यांचा वाचक लिहिता-वाचता होता. उसाच्या फडापर्यंत ती मराठी पोचली नाही.

प्रतिशब्दांची निवड म्हणूनच येथे केवळ कोशकारांचा विरंगुळा राहत नाही. पाठ्यपुस्तकांत 'अंडाशय', 'बीजांडकोश', 'बीजकोश' अशी नावे आढळतात. 'अंडाशय' ऐकताच कोंबडीचे अंडे आठवते आणि बायका हसतात, किंवा लाजतात. 'बीजांडकोश' उच्चारालाच जड. 'बीजग्रंथी' कोणी सुचविल्यास त्याला एक मोठी हरकत आहे : बोलीत ग्रंथीची 'गाठ' होते, आणि पोटात गाठ आहे हे सांगूनच अनेकींची पिशवी काढलेली असते. राहिला 'बीजकोश'. ज्या हातांनी उसाचे बेणे लावले जाते आणि बियाणे निवडले जाते, त्या हातांना 'बीज' हा शब्द परका नाही, आणि 'कोश' हा शब्दही रेशमाच्या किड्यामुळे कोल्हापूरच्या आसपास काही गावांत माहीत झाला आहे. रुग्णालयातून घरी जाताना मिळणाऱ्या कागदावर इंग्रजी नावाखाली 'गर्भपिशवी काढली, दोन्ही बीजकोश ठेवले' किंवा 'गर्भपिशवी व दोन्ही बीजकोश काढले' अशी एक ओळ मराठीत लिहिता येण्याजोगी आहे. मग तो कागद बीडहून कोल्हापूरला आणि कोल्हापूरहून बीडला तिच्या ट्रंकेतून हिंडला, तरी पुढच्या डॉक्टरला, आणि तिलाही, विचारण्याजोगे काही त्यावर असेल.